अ‍ॅस्ट्रल प्रोजेक्शन: गोवा ट्रान्समधल्या एका आद्य जोडीचा चढ आणि उतार

सप्तकरेषा

गोवा ट्रान्सवर (गोव्याच्या किनाऱ्यावर रुजलेल्या इलेक्ट्रॉनिक नाच-संगीतावर) इथे अधूनमधून एखाद-दुसरा प्रतिसाद येतो, पण तो बहुतेक वेळा 'किनाऱ्यावरच्या पार्ट्या' इथेच थांबतो. संगीतावर बोलणं व्हावं म्हणून हा धागा. सगळा प्रकार एका धाग्यात मावायचा नाही, म्हणून एकच गट घेते: इस्रायलचा अ‍ॅस्ट्रल प्रोजेक्शन.

गटाचा कणा म्हणजे आवी निसिम आणि लिओर पर्लमुटर. काही काळ यानिव हवीव आणि गी सेबाग हेही बरोबर होते. १९८९ च्या सुमारास त्यांचं नाव एसएफएक्स होतं. तेव्हाचं संगीत युरोपातल्या रेव्ह-टेक्नोच्या वळणाचं होतं. पुढे स्वतःचं लेबल (गाणी प्रकाशित करणारी कंपनी) निघालं, ट्रस्ट इन ट्रान्स, आणि त्याच नावाची अल्बम-मालिका १९९४ पासून यायला लागली. १९९६ मध्ये या मालिकेचा तिसरा भाग आणि 'द अ‍ॅस्ट्रल फाइल्स' आले, १९९७ मध्ये 'डान्सिंग गॅलक्सी', १९९९ मध्ये 'अनदर वर्ल्ड', २००२ मध्ये 'आमेन' आणि २००४ मध्ये दशकपूर्तीचा 'टेन'.

नुसती वर्षं बघितली तरी आलेख दिसतो. १९९६-९७ या दोन वर्षांत तीन मोठे अल्बम. नंतर दोन वर्षांचं अंतर, मग तीन वर्षांचं. 'टेन'नंतर कार्यक्रम चालू राहिले, पण ते उभे होते 'महादेवा', 'पीपल कॅन फ्लाय', 'कब्बाला', 'लेट देअर बी लाइट' अशा जुन्या ठेव्यावर आणि त्याच्या नव्या रिमिक्सांवर.

माझं म्हणणं थोडक्यात असं: हा गट वर आला तो सुरावटीमुळे. एकावर एक तीन-चार सुरावटी रचायच्या, प्रत्येकीला स्वतःची चाल द्यायची आणि तरी कुणी कुणाच्या पायात येऊ द्यायचं नाही, ही कारागिरी त्यांच्याइतकी स्वच्छ फार थोड्यांना जमली. आणि २००० च्या आसपास नाचाच्या मैदानाने सुरावटीकडे पाठ फिरवून बेसकडे (खालच्या जड स्वरांकडे) तोंड केलं, तेव्हा त्यांच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यारच निरुपयोगी झालं. हे पटतं का? जाणकारांनी भर घालावी.

चापोऱ्याचा_वारा

धाग्याबद्दल आभार. सुरावटीचा मुद्दा बरोबर आहे, पण त्या सुरावटींना तसा आकार का आला हे गोव्याशिवाय कळत नाही.

आधी एक तारीख. भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध जुळले जानेवारी १९९२ मध्ये. त्यानंतर इस्रायली तरुणांना भारतात येणं सोपं झालं. तिथे मुलांना तीन आणि मुलींना दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा असे. ती संपली की पाठीवर पिशवी टाकून काही महिने भटकायचं, ही तिथली रीतच झाली. उत्तर गोव्यातलं हणजूण, वागातोर, चापोरा हा त्या वाटेवरचा ठरलेला मुक्काम. इथे रात्रभर ऐकलेलं संगीत ते तेल अवीव-हैफाला घेऊन गेले. त्यामुळे इस्रायलात या संगीताला आयता आणि तयार कानाचा श्रोता मिळाला.

गोव्यात हे आभाळातून पडलं नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात लॉराँ नावाचा फ्रेंच डीजे युरोपीय इलेक्ट्रॉनिक गाण्यांतले गायनाचे तुकडे कापून, वाद्यांचे तुकडे लांबवून कॅसेटवर जोडत असे. दुसरा डीजे गोवा गिल (२०२३ मध्ये निधन) कॅसेटवरून पुढे डॅटवर आला. रेकॉर्ड इथे चालत नसत: ऊन लागलं की वाकतात, वजनही फार. डॅट म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप. कॅसेट आगपेटीहून जराशी मोठी, आवाज सीडीच्या तोडीचा, एका टेपवर साधारण ६० ते १२० मिनिटं.

डॅटची मुख्य अडचण अशी की बहुतेक यंत्रांवर वेग कमी-जास्त करता येत नाही. दोन गाणी १४२ आणि १४६ बीपीएमची (मिनिटाला इतक्या ठोक्यांची) असली तर ती ताल जुळवून एकमेकांत मिसळताच येत नाहीत. मग उपाय एकच: गाण्याची पहिली आणि शेवटची मिनिट-दीड मिनिट ठेक्याशिवाय ठेवायची. नुसता आसमंत, एखादा बोललेला तुकडा, लांब स्वर. एक गाणं विरत जातं, दुसरं त्याच धुक्यातून वर येतं. त्या काळची गाणी आठ-दहा मिनिटांची आणि डोकं-शेपूट लांबलचक असलेली दिसतात ती यामुळे.

दुसरी अडचण दंवाची. डॅटयंत्रात फिरतं ड्रम-हेड असतं. थंड खोलीतून यंत्र दमट हवेत आणलं, किंवा पहाटे किनाऱ्यावर दंव पडलं, की ड्रमवर बाष्प धरतं आणि टेप चिकटते. बऱ्याच यंत्रांत यासाठी सेन्सर असतो. तो लागला की यंत्र वाजायचं थांबतं. उपाय: टेप बाहेर काढा, यंत्र चालूच ठेवा, तासभर हात लावू नका. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. जुन्या डॅट आज कुणी संगणकावर उतरवत असेल तर पावसाळ्यात हाच त्रास होतो.

जाता जाता: 'डान्सिंग गॅलक्सी'तल्या शेवटच्या संथ तुकड्याचं नाव आहे 'अँबियंट गॅलक्सी' आणि पुढे 'डिस्को व्हॅली मिक्स'. ही डिस्को व्हॅली म्हणजे वागातोरचीच.

कोमलरिषभ

सुरावटींबद्दल थोडं आतलं लिहितो, कारण 'भारतीय रागांवर आधारित' असं सरसकट छापलं जातं आणि ते अर्धंच खरं आहे.

या संगीतात तीन स्वरसमूह पुन्हा पुन्हा येतात (स्वराखालची रेघ म्हणजे कोमल).

पहिला पाश्चात्त्यांचा फ्रिजियन: सा रे॒ ग॒ म प ध॒ नि॒. आपल्याकडे भैरवी थाट.

दुसरा फ्रिजियन डॉमिनंट: सा रे॒ ग म प ध॒ नि॒. म्हणजे बसंत मुखारीचे स्वर, पूर्वांगात भैरव आणि उत्तरांगात भैरवी. कर्नाटक पद्धतीत वकुलाभरणम्.

तिसरा डबल हार्मोनिक: सा रे॒ ग म प ध॒ नि. सरळ भैरव.

यातला दुसरा सर्वांत महत्त्वाचा, आणि इथेच इस्रायली गटाचं वेगळेपण आहे. हेच स्वर अरबी-तुर्की संगीतात हिजाज मकामच्या (मकाम म्हणजे तिकडचा राग) घराण्यात येतात आणि ज्यू प्रार्थनासंगीतात 'अहावा रब्बा' नावाने ओळखले जातात. कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार यांच्यामधली तीन अर्धस्वरांची उडी त्यांच्या कानाला लहानपणापासूनची. ब्रिटिश किंवा जर्मन संगीतकाराला ती बाहेरून उचलावी लागली. म्हणून त्यांच्या गाण्यांना 'महादेवा', 'निलय' अशी आपल्याकडची नावं असली आणि शेजारी 'कब्बाला' असलं, तरी स्वरांचं मूळ एकाच गावाला बांधता येत नाही.

आणि राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत. भैरवातला रिषभ-धैवत आंदोलित असतो. सिंथवरचा (विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्यावरचा) स्वर खिळ्यासारखा जागच्या जागी. मग हलतं काय? फिल्टर, म्हणजे आवाजातला काही भाग गाळणारी चाळण. स्वर स्थिर आणि त्याचा रंग हलता, असा हा व्यवहार. आंदोलनाचं काम कटऑफची (चाळण कुठून लागायची ते ठरवणारी) मूठ करते, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

वाजवून बघायचं असेल तर षड्जापासून अर्धस्वर मोजा: ०, १, ४, ५, ७, ८, १०. ई हा सा धरला तर ई, एफ, जी शार्प, ए, बी, सी, डी. हार्मोनियमवर दोन मिनिटांत खात्री पटेल.

तारजोड

छान चर्चा. 'एकावर एक सुरावटी' हे प्रत्यक्षात कसं करतात? मी असं करायला गेलो की सगळ्याचा लगदा होतो. आकड्यांत सांगाल का?

बारा_व्होल्ट

@तारजोड, सांगतो. खालचं सगळं त्या काळच्या या शैलीला धरून आहे, कुठल्या एका गाण्याची उकल नाही. हल्लीच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये करता येईल.

वेग १४५ बीपीएम धरा. एक ठोका ४१४ मिलिसेकंद, त्याचा पाव भाग १०३ मिलिसेकंद, चार ठोक्यांचा बार १.६५५ सेकंद. ३२ बार म्हणजे ५३ सेकंद. आठ मिनिटांच्या गाण्यात साधारण २९० बार. हे आकडे भिंतीवर लावून ठेवा.

आधी किक (ठोक्याचा जड ढोल) आणि बेस. प्रत्येक ठोक्यावर किक. ठोक्याचे चार पाव; पहिल्यावर किक, उरलेल्या तीनवर बेस. बेसच्या स्वराची लांबी ६० ते ७० मिलिसेकंद, म्हणजे पावाच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त नको. लांबली की पुढच्या किकवर चढते आणि ठोका पोकळ वाटतो. किकचं शेपूटही बेसच्या सा ला जुळवून घ्या. एफ घेतला तर ४३.६५ हर्ट्झ, जी घेतला तर ४९. बेसला रिव्हर्ब (घुमारा) अजिबात नको.

पहिली सुरावट: सॉ-टूथ (करवतीच्या दातांसारखी) लहर, २४ डीबीचा लो-पास (उंच भाग गाळणारा) फिल्टर, रेझोनन्स (कटऑफजवळचा भाग उठवणं) ६० ते ७० टक्के, फिल्टर एन्व्हलपचा (दर स्वराला फिल्टर कसा उघडून मिटतो त्याचा) अटॅक म्हणजे उघडायचा वेळ शून्य, डिके म्हणजे मिटायचा वेळ ८० ते १२० मिलिसेकंद, सस्टेन म्हणजे नंतर टिकणारी पातळी शून्य. १६ पावांची रचना करा. स्वर तीन-चारच वापरा, सा आणि रे॒ मध्ये जास्त वेळ घालवा, ग एकदाच येऊ द्या. दोन-तीन जागा रिकाम्या सोडा. नवशिके सगळ्या १६ जागा भरतात आणि मग दुसऱ्या सुरावटीला पाय ठेवायला जागा उरत नाही.

दुसरी सुरावट १६ ऐवजी १२ पावांची करा आणि एक सप्तक वर न्या. १२ आणि १६ यांचा लसावि ४८, म्हणजे तीन बारांनी दोन्ही पुन्हा समेवर येतात. मधल्या काळात त्या एकमेकींवरून सरकत राहतात. कानाला रचना दर वेळी वेगळी वाटते, खरं तर नोटा त्याच असतात. या संगीतातली गुंगी मोठ्या प्रमाणात या हिशेबातून येते. आपल्याकडे तालवाद्याच्या तिहाईशी खेळणाऱ्यांना हे लगेच उमजेल.

तिसरी लांब, संथ, चार किंवा आठ बारांची. हीच लक्षात राहते. ती गाण्याच्या शेवटच्या तृतीयांशापर्यंत राखून ठेवा.

लगदा होतो तो मुख्यतः डिलेमुळे (पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रतिध्वनीमुळे). तीन पावांचा डिले घ्या, १४५ ला ३१० मिलिसेकंद. फीडबॅक (प्रतिध्वनीचा पुन्हा आत जाणारा भाग) ३५ ते ४० टक्के. डिलेतून परत येणाऱ्या आवाजावर ३०० ते ४०० हर्ट्झखाली कात्री लावा. हा एक उपाय केला तरी निम्मा चिखल जातो. सुरावटींना डावी-उजवी बाजू वाटून द्या, आणि एक कोरडी (डिले-रिव्हर्बशिवाय) ठेवा. तिन्ही ओल्या असतील तर समोर कुणीच उभं राहत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कटऑफ ३२ बारांत, हाताने, सावकाश उघडा. संगणकावर सरळ रेघ ओढली की मेलेली वाटते. रेझोनन्स जास्त असताना कटऑफ २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातून जातो तेव्हा कान टोचतात. तिथे आवाज दोन-तीन डीबी खाली घ्या किंवा तो पट्टा पटकन ओलांडा.

जुन्या यंत्रांवर यात आणखी एक भानगड असे. मिडीचा (वाद्यं एकमेकांना जोडणाऱ्या संकेतांचा) वेग सेकंदाला ३१,२५० बिट्स. एका नोटेचा निरोप जायला जवळपास १ मिलिसेकंद लागतो. एकाच तारेवर पाच-सहा सिंथ आणि वर फिल्टरच्या हालचालींचा पूर सोडला की किक उशिरा पोचते. म्हणून ड्रमसाठी वेगळी तार, नियंत्रणाचे निरोप विरळ, आणि शक्य तितकं काम प्रत्यक्ष मुठीवर. अटारी एसटीला मिडीची भोकं मुळातच होती, म्हणून तो स्वस्त संगणक इतका चालला. सँपलरची (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्राची) स्मृतीही तुटपुंजी: २ मेगाबाइटमध्ये सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज १२ सेकंद मावतो. त्यामुळे लांब तुकडे रचण्याऐवजी सिंथ प्रत्यक्ष वाजवत राहणं भाग होतं.

सप्तकरेषा

@बारा_व्होल्ट, १२ विरुद्ध १६ चा हिशेब या धाग्याचं सार्थक करणारा आहे. 'डान्सिंग गॅलक्सी' ऐकताना सुरावटी सुट्या करून मोजायच्या म्हटलं तर कुठून सुरू करावं हे आता कळलं.

उत्तररात्र

उताराबद्दल मात्र मी धागाकर्तीशी अर्धवटच सहमत आहे. 'मैदानाने सुरावटीकडे पाठ फिरवली' हे परिणामाचं वर्णन झालं. कारणं अधिक रोकडी आहेत.

एक, बाजार फुगला. ब्रिटनमध्ये १९९३ ला ड्रॅगनफ्लाय हे लेबल निघालं, १९९४ ला टिप, ब्लू रूम रिलीज्ड, फ्लाइंग ऱ्हायनो. डिसेंबर १९९४ मध्ये डीजे पॉल ओकनफोल्डने बीबीसी रेडिओ वनवर गोवा मिक्स वाजवला आणि हा प्रकार क्लबवाल्यांच्या कानी गेला. १९९६-९७ पर्यंत संग्रहांचा पूर आला. तेच स्वर, तोच अ‍ॅसिड (चिरका, जास्त रेझोनन्सचा) आवाज, मुखपृष्ठावर तेच गणपती-शंकर. श्रोता कंटाळला. शतक पालटतानाच्या थोड्या वर्षांत यातली बरीच लेबलं मिटली. १९९९ ला नॅपस्टर (इंटरनेटवर गाणी फुकट वाटायची सोय) आलं, सीडीची विक्री घसरायला लागली, आणि वितरक बुडाला की त्याच्याकडे पैसे अडकलेलं छोटं लेबलही त्याच्याबरोबर जाई.

दोन, यंत्र बदललं. पायोनियरचा सीडीजे-१००० हा डीजेंसाठीचा सीडी-प्लेअर २००१ चा. सीडीचा वेग आता रेकॉर्डसारखा हाताने जुळवता यायला लागला. चापोऱ्याचा_वारा यांनी वर लिहिलेली डॅटची मर्यादा गेली, आणि तिच्याबरोबर धुक्यातून उगवणाऱ्या गाण्याची गरजही गेली. डीजेला आता पहिल्या सेकंदापासून किक हवी होती, जोडायला सोपी. २००५ ला सोनीने डॅट-रेकॉर्डरचं उत्पादन थांबवलं. ज्या गटाची सगळी बांधणी लांब चढणीवर, त्याचे पाच मिनिटांत तुकडे पडतात.

तीन, घरातच वारसदार उभा राहिला. हैफाचे एरेझ आयझेन आणि अमित दुवदेवानी, म्हणजे इन्फेक्टेड मशरूम. 'द गॅदरिंग' १९९९, 'क्लासिकल मशरूम' २०००, 'बी. पी. एम्पायर' २००१. सलग तीन वर्षं तीन अल्बम. तिकडे जर्मनीच्या एक्स-ड्रीमचा 'रेडिओ' १९९८ लाच कोरडा, काळा, जवळपास सुरावटीविना आला होता. एका बाजूने संगणकावर कातरलेला, दर बारला वळण घेणारा आवाज आणि दुसऱ्या बाजूने हा कोरडेपणा, अशा कात्रीत जुनी शैली सापडली.

चापोऱ्याचा_वारा

@उत्तररात्र, चौथं कारण जागेचं. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रात्रीची ही बंदी ठामपणे उचलून धरली. हे संगीत संध्याकाळी सहाला ऐकायचं नाहीच. रात्री दोनला गडद, चारला सर्वांत वेगवान, आणि सूर्य वर येताना ती राखून ठेवलेली तिसरी सुरावट, असा त्याचा प्रहर ठरलेला. पहाटच काढून घेतली तर भैरव दुपारी गायल्यासारखं होतं. स्थानिक लोकांच्या झोपेचा प्रश्न खरा होता आणि नियम योग्यच होता. पण त्यामुळे या संगीताच्या जन्मगावातला त्याचा प्रहर गेला हेही तितकंच खरं.

सप्तकरेषा

@उत्तररात्र, @चापोऱ्याचा_वारा, मान्य. मी चव बदलली म्हणत होते, तुम्ही ती कशाने बदलली ते दाखवलंत. तरी एका गोष्टीला धरून राहते. 'अनदर वर्ल्ड' नीट ऐका. 'सर्चिंग फॉर यूएफओज'मध्ये कारागिरी कुठेही उणी नाही, आवाज उलट जास्त स्वच्छ आहे. पण ज्या वळणावर 'डान्सिंग गॅलक्सी'त नवा थर यायचा, तिथे इथे बऱ्याचदा तोच थर मोठा होऊन येतो. बाजार आणि यंत्रं नसती बदलली तरी ही वाट तिच्या टोकाला आली होती, असं मला वाटतं.

तारजोड

वरच्या पायऱ्यांप्रमाणे करून पाहिलं. डिलेला ३५० हर्ट्झवर कात्री लावल्यावर खरंच फरक पडला. आता एक विचारायचं आहे: जुना जूनो-१०६ सिंथ विकत मिळतोय. कोकणातल्या हवेत टिकेल का? विकणारा म्हणतो एक स्वर 'कधीकधी' गायब होतो.

बारा_व्होल्ट

@तारजोड, 'कधीकधी' म्हणजे लवकरच 'कायमचा'. जूनो-१०६ (१९८४) मध्ये सहा आवाज, प्रत्येकाला ८००१७ए नावाची चिप. फिल्टर आणि आवाजाची पातळी दोन्ही तीच सांभाळते. तिच्यावरचं काळं रेझिनचं आवरण वयाबरोबर ओल धरतं, आतल्या आत वीज झिरपते. मग स्वर गायब होतो, करकरतो, किंवा सोडल्यावरही वाजत राहतो.

घेण्याआधी तपासा. 'की ट्रान्सपोज' बटण दाबून धरून यंत्र चालू करा, ते चाचणीच्या अवस्थेत जाईल. कोरस बंद ठेवा. एकच पट्टी सावकाश सहा वेळा दाबा. पडद्यावर कुठला आवाज वाजतोय त्याचा आकडा येतो. जो आकडा वेगळा ऐकू येईल ती चिप गेली. यंत्र निदान अर्धा तास तापल्यावर पुन्हा हेच करा, कारण थंड असताना दोष लपतो.

दुरुस्तीचे मार्ग दोन. चिप काढून अ‍ॅसिटोनमध्ये दिवस-दोन दिवस बुडवायची, आवरण मऊ झालं की हलक्या हाताने सोलायचं. अ‍ॅसिटोन भडकतं, खिडक्या उघड्या हव्यात, जवळ ज्योत नको. पिना नाजूक असतात, ओढाताण केली की तुटतात. दुसरा मार्ग म्हणजे नव्याने बनवलेल्या प्रतिचिपा बसवणं. खर्च जास्त, पण डोकेदुखी संपते. एक गेली असेल तर सहाही बदला. उरलेल्या पाच त्याच वयाच्या आहेत.

किंमत ठरवताना सहा चिपांचा आणि मजुरीचा खर्च त्यातून वजा करा. आणि घरी आणल्यावर आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवा. पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवलेली यंत्रं गणपतीत उघडली की बिघडलेली निघतात.